मीटरमधले आकडे आणि वहीतले आकडे (दीर्घ आजार असलेली मुलं आणि त्यांचं मन)

अबोली_स | १४ नोव्हेंबर, रात्री ११.४०

नमस्कार. इथं बरीच वर्षं वाचते, पाककृतींच्या धाग्यांवर अधूनमधून लिहिते. स्वतःचा धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

माझी मुलगी बारा वर्षांची आहे. इथं तिला चिऊ म्हणते. सातवं लागलं त्या पावसाळ्यात तिला टाइप १ मधुमेह असल्याचं कळलं. त्याआधी महिनाभर सारखी तहान, रात्री अंथरूण ओलं, फ्रॉक अंगावर ढगळ व्हायला लागलेले. आम्ही म्हणत राहिलो, जंत झाले असतील, उंची वाढतेय म्हणून बारीक दिसते. एका पहाटे उलट्या सुरू झाल्या आणि धाप लागली. मिरजेला नेलं तेव्हा साखर ५००च्या वर होती. चार दिवस आयसीयू.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. हा आजार गोड खाऊन होत नाही. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी शरीराची प्रतिकारशक्तीच मारून टाकते. त्यामुळे इन्सुलिन बाहेरून द्यावंच लागतं, गोळ्यांवर भागत नाही. रोज जेवणाआधी तीन आणि झोपताना एक अशी चार इंजेक्शनं, बोटाला चार-पाच वेळा टोचून साखर बघायची, आणि प्रत्येक आकडा वहीत लिहायचा. पाच वर्षांत किती टोचलं असेल याचा हिशोब मी एकदा करायला बसले आणि मध्येच पेन ठेवून दिलं.

आता मूळ गोष्ट. गेल्या महिन्यात तपासणी होती. तिची वही अगदी सुंदर. ११२, १२६, ९८, १३०. तारखा लाल पेनानं, आकडे निळ्या. आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारं एचबीएवनसी आलं १०.४. साधारण ७च्या आसपास हवं असतं. डॉक्टरांनी तिचा ग्लुकोमीटर मागितला आणि बटण दाबत मागचे आकडे बघायला लागले. मीटर सगळं साठवून ठेवतो, हे तिला ठाऊक नव्हतं. गुरुवारी सकाळी वहीत ११२, मीटरमध्ये २८७. शुक्रवारी वहीत १३०, मीटरमध्ये काहीच नाही.

बाहेर रांग होती, दार उघडं होतं. डॉक्टर मोठ्यानं म्हणाले, "अशानं डोळे जातील, किडन्या जातील. मग आईला बोल लावू नकोस." चिऊ फरशीकडे बघत उभी. परतताना एसटीत खिडकीला डोकं टेकून बसली, एक शब्द नाही. मीही चिडलेलेच होते. मला सगळ्यात जास्त राग खोटं बोलल्याचा आला होता.

रात्री इन्सुलिन घेतलंस का विचारायला गेले तर तिनं नुसती मान हलवली. मग अंधारात म्हणाली, "आई, चांगला आकडा आला की तू हसतेस. नाहीतर तू काहीच बोलत नाहीस, नुसती भाकरी थापत बसतेस."

मला वाटायचं मी काही बोलत नाही म्हणजे मी समजूतदार आई आहे.

पाच वर्षांत आम्हाला आहार विचारला, युनिट विचारले, पोटावर कुठं टोचता, मांडीवर कुठं टोचता ते विचारलं. तिला "तू कशी आहेस" असं एकदाही कुणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही. शाळेतून आली की चप्पल काढायच्या आत माझा प्रश्न ठरलेला: "किती आली?" शाळेत कुणाचा वाढदिवस असला की बाई सगळ्यांना चॉकलेट वाटतात आणि हिच्या बाकाशी आल्या की "तुला चालत नाही ना गं" म्हणून पुढं जातात. चालतं खरं तर, इन्सुलिनचा हिशोब करून चालतं. आणि माझ्या सासूबाईंचं म्हणणं, मुलीची जात आहे, बाहेर कुणाला सांगू नका, उद्या लग्नाचं कसं होणार. म्हणजे घरानंच तिला लपवायला शिकवलं आणि वहीत लपवलं म्हणून आम्हीच रागावलो.

ज्यांच्या घरात असं मूल आहे, किंवा जे स्वतः असं मूल होते, त्यांनी कृपया लिहा. आहार आणि औषधांचे सल्ले आमच्याकडे भरपूर आहेत. तिच्या मनाचं काय करायचं, ते कुणी सांगत नाही.

---

गोदाकाठ | १५ नोव्हेंबर, सकाळी ७.१०

ताई, रात्री वाचलं आणि झोप लागली नाही.

माझ्या मुलाला नेफ्रॉटिक सिंड्रोम आहे, वय नऊ. किडनीतून प्रथिनं लघवीवाटे जातात, अंग सुजतं, सकाळी डोळे उघडत नाहीत इतक्या पापण्या फुगतात. स्टिरॉइडनं उतरतं आणि साध्या सर्दीतापाचं निमित्त होऊन परत येतं. आत्तापर्यंत पाच वेळा आलंय. त्यामुळे रोज सकाळी लघवी तपासायची. टेस्ट ट्यूबमध्ये घ्यायची, थेंब टाकायचे, पांढरं गढूळ झालं तर प्रथिनं आहेत. एक, दोन की तीन प्लस ते डायरीत लिहायचं. सलग तीन दिवस तीन प्लस आलं की पुन्हा स्टिरॉइड.

तो बाथरूमच्या दारात उभा राहतो आणि विचारतो, "बाबा, दूध झालं का?" गढूळ झालं की त्याच्या भाषेत दूध झालं. तुमचं वाचल्यावर आज पहिल्यांदा लक्ष दिलं. तो ट्यूबकडे बघतच नाही. माझ्या चेहऱ्याकडे बघतो.

स्टिरॉइड चालू असलं की वेगळंच मूल घरात असतं. भूक आवरत नाही, चिडतो, भांडी फेकतो, रात्री दोनला जागा होऊन रडतो. चेहरा गोल होतो. व्हॅनमधली मुलं त्याला 'भोपळ्या' म्हणतात. मागच्या वेळी गोळी जिभेखाली ठेवून खिडकीतून थुंकत होता, खालच्या काकूंना कुंडीत सापडल्या. मी मारलं त्याला. ते लिहितानाही हात जड होतोय. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की ही चिडचिड बरीचशी औषधाची आहे, त्याच्या स्वभावाची नाही, आणि स्टिरॉइड असं अचानक बंद होणं धोक्याचंही असतं. हे आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

---

सुमती_काकू | १५ नोव्हेंबर, सकाळी १०.०५

अबोली, तुझी तळमळ पोचली. पण मला वाटतं लहान मुलं लवकर विसरतात. आपण फार विचारत बसलो की त्यांच्याही डोक्यात भरतं. आमच्या वेळी पोलिओ झालेली मुलं होतीच की आजूबाजूला, खेळायची, शिकायची. आणि एक सुचवते, आमच्या ओळखीत एका मुलाचं इन्सुलिन एका औषधानं चार महिन्यांत बंद झालं. पत्ता हवा असेल तर देते.

---

मनमोकळं | १५ नोव्हेंबर, दुपारी १.३०

सुमती काकू, तुम्ही आपुलकीनं लिहिलंय, पण इथं अनेक पालक वाचतायत म्हणून स्पष्ट लिहिते. टाइप १ मध्ये निदानानंतर काही आठवडे किंवा महिने उरलेल्या पेशी थोडं काम करतात आणि इन्सुलिनची गरज खूप कमी होते. डॉक्टर त्याला 'हनिमून' म्हणतात. नेमकं तेव्हा कुणी काही औषध देत असेल तर श्रेय त्याला जातं. काही महिन्यांनी तो काळ संपतो. तेव्हा इन्सुलिन बंद असलेलं मूल बेशुद्धावस्थेत दवाखान्यात येतं. त्या मुलाच्या आईवडिलांना आजच फोन करा, ही विनंती.

आता अबोलीताईंच्या प्रश्नाकडे. मी मुलांची समुपदेशक आहे, बारा वर्षं एका रुग्णालयाच्या बालविभागात काम केलं.

मुलं विसरत नाहीत. ती आपापल्या वयाप्रमाणे अर्थ लावतात. चार ते सात वर्षांच्या मुलाला आजार ही शिक्षा वाटते. थॅलेसेमियाच्या (शरीरात पुरेसं रक्त तयार होत नाही, बाहेरून चढवावं लागतं) एका पाच वर्षांच्या मुलीनं मला सांगितलं होतं, "मी ताईचा खोडरबर चोरला म्हणून माझं रक्त संपलं." घरात कुणीच तसं म्हणालं नव्हतं. पण "ऐकलं नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील हं" हे आपल्याकडे प्रत्येक मुलानं ऐकलेलं असतं. मग खरोखर सुई आली की तिनं हिशोब जुळवला. अशा मुलाला एकदाच नाही, पुन्हा पुन्हा सांगावं लागतं: तू काही केलंस म्हणून हे झालेलं नाही.

चिऊच्या वयाला प्रश्न वेगळा असतो. तिला चारचौघींसारखं व्हायचंय. आणि एक गोष्ट पालकांना फार कमी वेळा सांगितली जाते. वयात येताना शरीरात जी संप्रेरकं वाढतात, त्यामुळे इन्सुलिनचा परिणाम कमी होतो. तेच जेवण, तेच युनिट, तरी साखर चढते. म्हणजे चिऊनं सगळं नीट केलं असतं तरी ११२ आले नसते. तिनं मनापासून प्रयत्न केले, आकडे हलले नाहीत, आणि मग वहीत तरी आकडे चांगले लिहिले. मला यात खोटेपणा दिसत नाही, थकवा दिसतो. चढलेली किंवा फार उतरलेली साखर स्वतःच चिडचिड करवते, हेही लक्षात असू द्या. 'उद्धट झालीय' असं वाटलं तर आधी मीटर बघा. पण प्रत्येक रागाला मीटर दाखवू नका, तिला खराखुरा रागही येऊ द्या.

लहान मुलांमधलं नैराश्य रडून दिसतंच असं नाही. पोट दुखतं म्हणून शाळा बुडवणं, सतत खेकसणं, आवडता खेळ सोडून देणं, झोप बिघडणं, औषध चुकवणं, "मी नसते तर तुमचा खर्च वाचला असता" असं सहज बोलून जाणं. हे शेवटचं ऐकलं तर थांबायचं नाही. त्याच दिवशी तिला जवळ घेऊन सरळ विचारायचं, तुला मरून जावंसं वाटतं का. विचारल्यानं ते डोक्यात भरत नाही. उलट आत साठलेलं बाहेर यायला वाट मिळते. होकार आला तर तिला एकटं सोडायचं नाही, इन्सुलिन आपल्या हातात ठेवायचं आणि तातडीनं मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायचं.

खर्चाची अडचण असेल त्यांच्यासाठी: १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे, केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केला, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ज्या जिल्ह्यांत बालकांसाठीची त्वरित हस्तक्षेप केंद्रं चालू आहेत, तिथं मानसशास्त्रज्ञाचं पद असतं. जाऊन विचारा, पद भरलेलं आहे का ते कळेल.

---

थोरल्यापाठची | १५ नोव्हेंबर, रात्री ९.५०

मी आजारी मूल नव्हते. माझा भाऊ थॅलेसेमिया मेजर. दर तीन आठवड्यांनी रक्त चढवायचं. घरात कॅलेंडरवर त्या तारखेला लाल गोल असायचा आणि माझा वाढदिवस त्याच आठवड्यात आला की पुढं ढकलला जायचा.

मी नऊ वर्षांची असताना माझं रक्त तपासायला घेतलं. दादाला बोन मॅरो देता येतो का बघायला. सख्ख्या भावंडाचं जुळण्याची शक्यता चारात एक असते, हे मला आत्ता माहीत आहे. तेव्हा एवढंच माहीत होतं की सगळे माझ्याकडे बघतायत. आजी देवाजवळ दिवा लावून बसली होती. रिपोर्ट आला, जुळलं नव्हतं. कुणी मला काही बोललं नाही. आईनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि आत गेली. मी कित्येक वर्षं समजत होते की मी एका परीक्षेत नापास झालेय. त्या रात्री मी ठरवलं की आता कधीच आजारी पडायचं नाही. अपेंडिक्सचं दुखणं दोन दिवस सांगितलं नव्हतं, फुटायच्या बेतात होतं.

मनमोकळं ताई, भावंडांबद्दलही लिहा कधीतरी. अबोलीताई, चिऊला भावंड असेल तर त्यालाही विचारा.

दादा आता एकतीस वर्षांचा आहे, नोकरी करतो. तो म्हणतो, रक्त चढवण्यापेक्षा शरीरात साठलेलं लोह काढायचं औषध जास्त छळायचं. आठवड्यातले पाच-सहा दिवस रात्रभर पोटात सुई आणि कमरेला पंप. सहलीला गेला नाही कधी. नंतर पाण्यात विरघळवून घ्यायच्या गोळ्या आल्या तेव्हा कोऱ्या अंथरुणावर हातपाय पसरून झोपला होता. ती झोप मला अजून आठवते.

---

पेन_खिशात | १६ नोव्हेंबर, रात्री १२.१५

चिऊसाठी लिहितोय. मला टाइप १ आहे, आठव्या वर्षापासून. आता सव्वीस पूर्ण.

वहीत खोटे आकडे मीही लिहिलेत. मी तर दोन पेनं वापरायचो, रोज लिहिल्यासारखं दिसावं म्हणून. कॉलेजात मित्रांना कळू नये म्हणून इंजेक्शन संडासात जाऊन घ्यायचो, जिथं धड उभं राहायला जागा नाही. अकरावीत एकदा वर्गात साखर उतरली. हात थरथरत होते, घामानं शर्ट ओला, समोरचा फळा दुरून दिसत होता. खिशात ग्लुकोजची पुडी होती आणि मी ती काढली नाही, कारण शेजारी नवीन मुलगा बसला होता. लाजेपोटी माणूस इथपर्यंत जातो, हे पालकांना कळावं म्हणून सांगतोय.

माझ्या ओळखीतल्या एका मुलीनं बारीक होण्यासाठी इन्सुलिन चुकवायला सुरुवात केली होती. इन्सुलिन नसलं की वजन उतरतं, हे या मुलींना फार लवकर कळतं. तीन वेळा दवाखान्यात भरती झाली. त्यामुळे "जाड झालीस गं" हे वाक्य घरात कुणीही, कधीही उच्चारू नका, लाडानंसुद्धा.

मला कशानं फरक पडला, तर मुलांच्या एका शिबिरानं. पन्नास-साठ मुलं एका ओळीत बसून जेवणाआधी टोचतायत आणि कुणी कुणाकडे बघत नाहीये. बाजूचा मुलगा म्हणाला, "माझी तीनशे, तुझी?" जसं क्रिकेटचा स्कोअर विचारावा. मी म्हणालो, "तीनशे वीस." तो म्हणाला, "मग मी जिंकलो," आणि वाढप्याला हाक मारली. मी आयुष्यात पहिल्यांदा खरा आकडा मोठ्यानं सांगितला होता. संभाजीनगरला 'उडान' ही संस्था टाइप १ च्या मुलांसाठी काम करते. तुमच्या बाजूला अशी कुणी असेल तर शोधा. नसेल तर डॉक्टरांना सांगून दोन-तीन घरांची तरी गाठ घालून घ्या.

आणि चिऊ, हे तुला. १९२२च्या जानेवारीत टोरोंटोच्या एका दवाखान्यात चौदा वर्षांच्या एका मुलाला जगात पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं. पहिलं इंजेक्शन फसलं, औषध पुरेसं शुद्ध नव्हतं. बारा दिवसांनी सुधारलेलं दिलं, ते लागू पडलं. त्याआधी आपल्यासारख्या मुलांना उपाशी ठेवत, तेवढाच उपाय होता. मला कंटाळा आला की मी त्या मुलाची आठवण काढतो. तरीही कंटाळा येतोच. आला तर आईला सांग, 'आज कंटाळा आलाय, आज तू दे.' चालतं तसं.

---

वैनगंगेकाठी | १६ नोव्हेंबर, सायंकाळी ६.२०

मी गडचिरोली जिल्ह्यात आश्रमशाळेत शिक्षक आहो. आमच्याकडे सिकलसेलची मुलं आहेत. वसतिगृहात घरचं कोणी नसते, म्हणून वाटलं लिहावं.

या आजारात रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नळ्यांत अडकतात. मग हाडं अशी दुखतात की मूल भिंतीला पाठ घासत रडते. दोन दिवसांनी तोच मुलगा मैदानावर पळताना दिसतो. म्हणून सारे म्हणतात नाटक करते. मीसुद्धा म्हटलेलं आहे. सहावीतला एक पोरगा हिवाळ्यात दर आठ-पंधरा दिवसांनी सकाळी पडून राहायचा. आम्ही त्याला आळशी ठरवून टाकलं. दुखणं सांगणंच त्यानं बंद केलं. तोंडात टॉवेलचा बोळा घालून झोपलेला मला दिसला तेव्हा मी हादरलो.

पीएचसीच्या डॉक्टरांनी समजावलं की थंडी, पाणी कमी पिणं, अतिश्रम, ताप यांनी दुखणं उठते. आणि आमची पोरं डिसेंबरात पहाटे पाचला हौदाच्या गार पाण्यानं आंघोळ करत होती. म्हणजे दुखणं आम्हीच उठवत होतो अन् आळशीही आम्हीच म्हणत होतो.

२०२३च्या जुलैपासून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं, तपासणी होते, कार्ड मिळते, दुखणं कमी वेळा उठावं म्हणून हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या मिळतात. २०१६च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया आहेत. हे सारं चांगलंच आहे. पण कार्डावर पोराच्या मनाचा रकाना नाही. माझ्या शाळेत समुपदेशक यायचा तर तालुक्याहूनच येणार, तोही कधी. मग आम्ही दोघा शिक्षकांनी काय करावं ते मनमोकळं ताईंनी सांगावं. आम्ही मानसशास्त्र शिकलेले नाही.

---

मनमोकळं | १६ नोव्हेंबर, रात्री १०.०५

सर, तुम्ही निम्मं केलंच आहे. दुखतंय म्हटल्यावर विश्वास ठेवणारा एक मोठा माणूस शाळेत असणं, यापलीकडे पहिल्या दिवसाचं औषध नाही. चेहऱ्यांची पट्टी करा, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत सहा चेहरे कागदावर काढून भिंतीला लावा. मुलानं बोट ठेवायचं, बोलायची गरज नाही. माडिया किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलाला मराठीत दुखणं सांगता येत नाही, त्यालाही हे जमतं. त्याच्याच भाषेत दुखण्याला कोणते शब्द आहेत ते त्याच्या आईकडून लिहून घ्या. आणि दुखणं नसेल त्या दिवशी त्याला काहीतरी काम द्या, घंटा वाजवणं, पुस्तकं वाटणं. आजारी मुलाला सगळं माफ केलं की त्याला वाटतं आपल्याकडून कुणाला काहीच नको आहे.

थोरल्यापाठची, तुझं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. भावंडांवर वेगळा धागा काढू, नक्की.

---

लेस्टरवासी | १७ नोव्हेंबर, पहाटे ४.००

इथं इंग्लंडमध्ये माझ्या मुलाला टाइप १ आहे, म्हणून तुलनेसाठी लिहितो. २०१२ पासून इथल्या बालमधुमेह विभागांना जो निधी मिळतो, त्याच्या अटींतच आहे की मुलाला मानसशास्त्रज्ञाची गरज आहे का, हे दरवर्षी तपासायचं. म्हणून मुलाला पहिल्या वर्षीच कुणीतरी विचारलं, रात्री काय वाटतं. तो म्हणाला, झोपेत साखर उतरून मरेन असं वाटतं. आम्हाला पत्ताही नव्हता. शाळेनं मदत करणं २०१४च्या कायद्यानं बंधनकारक आहे, लेखी योजना असते. इथंही तारखा लांबच्या मिळतात, चिडवणारी मुलं इथंही आहेत. पण तो प्रश्न विचारला जातो.

भारतातल्या शाळांसाठी: सीबीएसईनं २०१७ मध्ये मधुमेही मुलांना बोर्डाच्या परीक्षेत साखरेच्या गोळ्या, फळ, खाऊ, पाणी न्यायला परवानगी दिली. आणि २०२३ मध्ये राष्ट्रीय बालहक्क आयोगानं राज्यांना कळवलं की या मुलांना वर्गात साखर तपासू द्या, इन्सुलिन घेऊ द्या, मधल्या वेळचं खाऊ द्या. तुमचं बोर्ड वेगळं असलं तरी हे मुख्याध्यापकांना दाखवता येईल.

---

अबोली_स | २९ नोव्हेंबर, रात्री १०.३०

दोन आठवड्यांनी येतेय, माफ करा. सगळ्यांना वेगवेगळं उत्तर द्यायचं होतं, जमलं नाही.

धागा मी चिऊला वाचून दाखवला. आधी बिचकले होते. पेन_खिशात यांचं तिनं स्वतः दोनदा वाचलं. 'तीनशे वीस' वाल्या ठिकाणी थांबली आणि म्हणाली, "मला एकदा चारशे अकरा होती. मी १०५ लिहिलं." मी काही बोलले नाही, पण या वेळी भाकरी थापत नव्हते, तिच्याजवळ बसले होते.

आम्ही वही बंद केली. मीटर दर रविवारी मी आणि ती मिळून बघतो, ते पंधरा मिनिटं सोडून आकड्याबद्दल बोलायचं नाही, असं ठरलंय. मला फार अवघड जातंय. शाळेतून आली की जीभ चावावी लागते. परवा "किती" एवढं तोंडातून निघालं आणि मी पुढं "किती ऊन आहे बाहेर" असं जोडलं. तिला कळलं. ती हसली.

रात्रीचं इंजेक्शन मी देते, तिनं मागितलं म्हणून. मी समजत होते की ती मोठी झाली, आता सगळं तिचं तिनं करावं. आमची घाई झाली होती.

डॉक्टरांना मी एकटी जाऊन भेटले आणि विनंती केली की तिच्याशी दार लावून बोला. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, ओपीडीत ऐंशी पेशंट असतात हो. पण पुढच्या वेळी तिला शेवटचा नंबर दिलाय. वयात येताना साखर का चढते ते तिला चित्र काढून सांगणार आहेत. सांगलीत एक समुपदेशक मिळाल्या आहेत, दोनदा जाऊन आलो. तिथं काय बोलते ते मला सांगत नाही, आणि मी विचारत नाही.

सासूबाई अजून ऐकत नाहीत. त्यांच्याशी भांडून उपयोग नाही. पण मार्गशीर्षातल्या हळदीकुंकवाला शेजारणींसमोर चिऊनं मीटर काढून बोटाला टोचलं. सासूबाई बघत राहिल्या, मग उठून तिला कापूस आणून दिला.

शाळेत मी बाईंना भेटले. त्यांना खरंच माहीत नव्हतं की चॉकलेट चालतं. आता चिऊ ते घेऊन घरी आणते, जेवणात हिशोब करतो.

वैनगंगेकाठी सर, चिऊ रोज विचारते, त्या टॉवेलवाल्या मुलाचं काय झालं.

---

वैनगंगेकाठी | ३० नोव्हेंबर, रात्री ८.४५

अबोलीताई, सांगा तिला. गावातल्या लोकांनी सरपण दिलं, मोठं पातेलं मिळालं. सिकलसेलच्या सात मुलांना आता सकाळी आठ वाजता गरम पाणी. बाकीची पोरं म्हणाली आम्हालाही पाहिजे, तर रविवारी साऱ्यांना. चेहऱ्यांची पट्टी त्या पोरानंच काढली, त्याला चित्रं छान येतात. सहा सांगितले होते, त्यानं सात काढले. सातवा चेहरा कोणता म्हणून विचारलं तर म्हणाला, "दुखत नाही, पण दुखेल अशी भीती वाटते तेव्हाचा."

काल त्यानं त्यावर बोट ठेवलं होतं. दुखणं आलं नाही. मी रात्री थोडा वेळ त्याच्या खाटेजवळ बसलो, तेवढंच.

---

मनमोकळं | ३० नोव्हेंबर, रात्री ९.२०

सर, त्या पट्टीचा फोटो पाठवाल का? त्या मुलाला विचारून. मला माझ्याकडे लावायचा आहे.